पाठमोरा माणूस

भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे ओळीनं होते. त्यातल्या एका गाळ्यात बाबा बफिंगला, म्हणजे भांडी चाकावर घासून चकचकीत करायच्या कामाला होते. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. गाळ्याचं शटर अर्धं वर असायचं. आत मोटारींचा एकसुरी घोंघाट आणि भिंतीकडे तोंड करून मशीनवर बसलेले सहा-सात पुरुष. दारातून दिसायच्या त्या फक्त पाठी. तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, अंगावर पॉलिशची काळी भुकटी. कोण कुठला हे पाठीवरून कळणं कठीण होतं. पण मला बाबांना शोधावं लागायचं नाही. मी दारात उभी राहिले की थोड्या वेळानं एक हात मान न वळवता वर व्हायचा. म्हणजे थांब, आलो.

हे त्यांना कसं कळतं, याचं मला फार दिवस कोडं होतं. मग एकदा त्यांनीच दाखवलं. चाकावरून काढलेलं भांडं ते तपासायला डोळ्यांसमोर धरायचे. त्यात छताची ट्यूबलाइट दिसायची, तिच्याखाली शटर आणि शटरमध्ये डबा घेऊन उभी असलेली मी, बोटभर उंचीची.

ट्यूबलाइट हीच त्यांची परीक्षा होती. पत्रा आधी एमरीच्या चाकावर घासायचा, मग घायपाताच्या दोऱ्याच्या चाकावर आणि शेवटी कापडाच्या थरांचं शिवलेलं चाक असतं त्याच्यावर. तेवढं झाल्यावर भांडं उजेडाखाली धरायचं. ट्यूबलाइट सरळ दिसली तर माल पास. ती नागमोडी दिसली तर पत्र्यात लाट राहिलीय, भांडं परत चाकावर. “चकाकी वेगळी आणि आरसा वेगळा, बाय,” ते म्हणायचे.

आई दोन गाळे सोडून पुसाईला जायची. होजिअरीच्या चिंध्यांची पोती यायची, त्या चिंध्यांनी भांड्यांवरचा शेवटचा मेणचट थर पुसून काढायचा आणि भांडी कागदात गुंडाळायची. संध्याकाळी तिच्या पायाशी काळ्या पडलेल्या चिंध्यांचा ढीग साचलेला असायचा.

हे सगळं मी पंचवीस-तीस वर्षं विसरल्यासारखी जगले. आठवलं ते तोरिनोत, आपण ज्याला ट्यूरिन म्हणतो त्या शहरात.

*

२०२३च्या शरदात कंपनीच्या कामासाठी मी तिथे तीन आठवडे होते. मोटारींचं शहर, माझं कामही मोटारींशीच निगडित. रविवारी मोकळी होते म्हणून शहराबाहेरच्या रिवोलीच्या किल्ल्यावर गेले. किल्ला म्हणतात, पण तो सावॉय राजघराण्याचा टेकडीवरचा, अर्धवट राहिलेला राजवाडा आहे. १९८४पासून तिथे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. कलेतलं मला फारसं कळत नव्हतं. टेकडीवरून आल्प्स दिसतो असं कुणीतरी सांगितलं होतं, त्यासाठी गेले होते.

एका दालनात मी जागच्या जागी थांबले. समोर चिंध्यांचा डोंगर, माझ्या डोक्याच्या वर गेलेला. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या, मळकट, विटलेल्या चिंध्या. आणि त्या ढिगाला जवळजवळ नाक लावून एक पांढरी, विवस्त्र, जुन्या ग्रीक धाटणीची बाई उभी. आपल्याकडे तिची पाठ. तिचा चेहरा बघायचा तर ढिगात शिरावं लागलं असतं.

मला आई दिसली. दिसण्यात कणभरही साम्य नाही. चिंध्यांकडे तोंड करून उभं राहण्याची ती रीत तेवढी आईची होती.

शेजारच्या पाटीवर नाव होतं: मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो, ‘चिंध्यांची व्हीनस’, १९६७. ती व्हीनस तोरवाल्दसेन या डॅनिश शिल्पकाराच्या सफरचंद धरलेल्या व्हीनसवरून बेतलेली, बागेत शोभेला ठेवतात तसली सिमेंटची नक्कल होती. पिस्तोलेत्तोनं ती विकत आणली होती. रात्री हॉटेलवर परतल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत बसले, आणि एका वाक्यापाशी पुन्हा थांबले. त्या चिंध्या कुठून आल्या, तर त्याच्याच स्टुडिओतून. आरशासारख्या घासलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांवर तो चित्रं करायचा. ते पत्रे पुसायच्या त्या चिंध्या.

म्हणजे स्टील आणि चिंध्या. आमच्या घरात दोघं जण ज्या दोन गोष्टींवर राबले, त्याच दोन गोष्टींवर हा माणूस चित्रकार म्हणून उभा होता. पुढच्या शनिवारी मी गाडी पकडून त्याच्या गावी, बिएल्लाला गेले.

*

पिस्तोलेत्तोचा जन्म बिएल्लाचा, २५ जून १९३३चा. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव लोकरीच्या गिरण्यांचं. तो वर्षाचा असताना कुटुंब तोरिनोला आलं. वडील एत्तोरे चित्रकार होते आणि जुन्या चित्रांची डागडुजी करायचे. चौदाव्या वर्षी मुलगा त्यांच्या हाताखाली कामाला लागला, तो १९५८पर्यंत. दहा-अकरा वर्षं जुन्या तसबिरींवरची काजळी काढायची, उडालेला रंग भरायचा, तडे बुजवायचे. दुसऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलेल्या चेहऱ्यांना हात लावून, त्यात आपला हात दिसू न देता काम करायचं. एकीकडे आर्मान्दो तेस्ता या नामांकित जाहिरातकाराच्या शाळेतही तो शिकला. त्याच्या आईचाच तसा आग्रह होता. त्या काळातल्या नव्या कलेचं वारं त्याला तिथे लागलं.

मला या दहा वर्षांचं फार वाटतं. त्याच्याविषयी लिहिणारे लोक हा भाग दोन ओळींत उरकतात आणि थेट आरशांकडे जातात. पण ज्यानं कुणाचं तरी काम हातानं पुसून लख्ख केलंय त्यालाच कळतं की पृष्ठभाग हीही एक जागा आहे, तिच्यात खोली असते. जुन्या धार्मिक चित्रांत संतांच्या मागे सोन्याचा वर्ख लावलेला असतो. त्यावर पडलेला उजेड बघणारा हलला की हलतो. असली चित्रं त्याच्या वडिलांच्या कामाच्या टेबलावर येत असणार. मुलानं जे पुढे केलं त्याची पहिली पावलं तिथलीच आहेत, असं मला वाटतं.

१९५०च्या दशकात तो स्वतःची चित्रं काढायला लागला, आणि काढायचा ती स्वतःचीच. आत्मचित्रामागे आत्मचित्र. मी कोण, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. १९५८मध्ये तोरिनोच्या गालातेआ गॅलरीत फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकाराची चित्रं आली होती. पिंजऱ्यात कोंडल्यासारखी, किंचाळणारी माणसं. त्यांचा परिणाम त्याच्यावर झाला, पण त्याला माणूस त्या पिंजऱ्यातून बाहेर काढायचा होता. मग त्यानं आकृतीमागची जागा बदलायला सुरुवात केली. कधी सोनेरी, कधी चंदेरी, कधी तांब्याच्या रंगाची पार्श्वभूमी. मधोमध एक उभा माणूस, तो स्वतः. आजूबाजूला काही नाही. १९६०मध्ये त्याच गालातेआत त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं.

१९६१मध्ये ती गोष्ट घडली. मोठ्या कॅनव्हासला त्यानं काळा रंग दिला होता आणि त्यावर वार्निशचा जाड, चकचकीत थर चढवला होता. त्यावर चेहरा काढायला गेला, तर समोरून एक चेहरा त्याच्याकडे येताना दिसला. त्याचाच. वार्निशमध्ये पडलेला.

आजवर आत्मचित्रासाठी आरसा बाजूला ठेवायचा, त्यात बघायचं आणि कॅनव्हासवर उतरवायचं, अशी रीत. आता कॅनव्हासच आरसा झाला होता. यानंतरच्या चित्रात त्यानं आकृतीला पाठमोरं केलं. त्या मालिकेचं नाव ‘वर्तमान’. चित्रातला माणूस आता आपल्याकडे बघत नाही. आपण जिकडे बघतोय तिकडेच, त्या काळ्या खोलात बघतोय. त्याच्या खांद्यावरून आपला चेहरा दिसतो.

हे वाचताना मला गाळ्यातल्या त्या पाठी आठवल्या. पाठ फिरवणं म्हणजे तोंड फिरवणं असं आपण धरून चालतो. पण पाठमोरा माणूस आपल्याला समोरच्या भांड्यात बघत असू शकतो, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं.

*

वार्निश त्याला पुरलं नाही. त्यातलं प्रतिबिंब धूसर, काळपट. त्याला लख्ख आरसा हवा होता. शोधता शोधता १९६२मध्ये तो पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यापर्यंत आला.

काच का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. मला पडला नाही, कारण भांड्यात बोट टेकवलं की काय होतं हे मी पाहिलेलं होतं. काचेच्या आरशाला चांदी पाठीमागून लावलेली असते. काचेवर बोट टेकवा, बोट आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट राहते. काचेवर काढलेला माणूस प्रतिबिंबाच्या अलीकडे, अधांतरी राहिला असता. स्टीलचा पृष्ठभाग हाच आरसा. त्यावर टेकवलेलं बोट आपल्या प्रतिबिंबाला थेट भिडतं. पिस्तोलेत्तोचा माणूस स्टीलवर उभा राहिला की तो प्रतिबिंबातल्या जमिनीवरच उभा असतो.

त्याची पद्धत साधी आणि जिकिरीची होती. ओळखीच्या माणसांचे फोटो काढून घ्यायचे आणि माणसाच्या खऱ्या उंचीएवढे मोठे करायचे. फोटोवर पातळ झिरझिरीत कागद ठेवून कुंचल्यानं आकृती त्यावर उतरवायची, कडेनं कापायची आणि स्टीलवर चिकटवायची. पत्रा भिंतीवर खाली, जमिनीलगत लावायचा, म्हणजे दालनाची फरशी सरळ चित्राच्या आत चालत जाते. १९७१च्या सुमारास त्यानं हातानं उतरवणं सोडलं आणि सिल्कस्क्रीननं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, छापायला सुरुवात केली. फोटो थेट स्टीलवर.

माझं मन जुन्यांकडेच ओढ घेतं. छापलेल्या आकृत्या सफाईदार आहेत, पण कागदाच्या आकृतीच्या कडेला हात दिसतो. कुठे कागद किंचित सुरकुतलाय, कुठे काळाबरोबर पिवळसर झालाय. एवढ्या निर्दोष पत्र्यावर ते नाजूक, म्हातारं होत जाणारं कागदी माणूस बघितलं की जीव कालवतो. स्टील तसंच राहतं आणि माणूस पिवळा पडतो. छापील चित्रांत हे होत नाही.

बिएल्लाला चेर्वो नदीच्या काठी एक जुनी लोकरीची गिरणी आहे. १९९१मध्ये पिस्तोलेत्तोनं ती बंद पडलेली गिरणी घेतली. १९९८पासून तिथे ‘चित्तादेलार्ते’ ही त्याची संस्था आहे. कलानगरी म्हणा हवं तर, आणि त्या शब्दात इटालियनमध्ये गढीचीही छटा आहे. उंच खिडक्या, लोखंडी खांब, खाली पाण्याचा आवाज. पाणी होतं म्हणून गिरण्या इथे आल्या. मी आत शिरले तेव्हा वरच्या दालनात माझ्याशिवाय दोघं-तिघंच होती.

पहिल्या पत्र्यासमोर गेल्यावर मी चित्राकडे पाहिलंच नाही. खिडकीची चौकट बघितली. सरळ होती. मग गुडघे वाकवून खालून पाहिलं, बाजूला सरकून तिरकं पाहिलं. कडेपाशी चौकट अगदी थोडी वाकत होती. तिथे असलेल्या पोराला मी काय करतेय ते कळेना. मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझे वडील हे काम करायचे. त्याला वाटलं, चित्रकार होते. मी स्टीलवर तळहात फिरवल्याची खूण केली. तेव्हा तो हसला आणि त्यानं खिशातलं एक मऊ फडकं काढून दाखवलं. लहान मुलं हात लावतात, दिवसातून कितीदा तरी पुसावं लागतं.

मग मी चित्राकडे बघितलं. खरं तर बघत उभी राहिले, कारण या चित्रांना एका नजरेत बघता येत नाही. आकृती होती तशीच राहते. कुठल्या तरी जुन्या दिवशी, कुठल्या तरी स्टुडिओत फोटोसाठी उभी राहिलेली. आणि तिच्या अवतीभवती आजचा शनिवार. ढग आला की चित्र काळवंडतं. दाराकडून कुणी आलं की चित्रात एक माणूस वाढतो, तो येऊन आकृतीच्या शेजारी उभा राहतो, निघून जातो. ज्यांचे फोटो १९६०च्या दशकात घेतले त्यातले कितीतरी आता नसतील. त्यांच्या शेजारी मी उभी, खांद्याला बॅग, पायात चिखलाचे बूट. मी तिथून हलले की त्या चित्राला माझी आठवणही राहणार नव्हती. याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मोकळं वाटलं.

एवढी वर्षं स्वतःचाच चेहरा काढणाऱ्या माणसानं शेवटी स्वतःच्या चित्रातली आपली जागा रिकामी करून दिली. जो येईल त्याला. आत्मचित्र राहिलं, फक्त ते कुणाचं हे येणाऱ्यावर सोडलं. चित्रकाराला याहून अवघड काही असेल असं मला वाटत नाही.

*

पुढची काही वर्षं त्याच्यासाठी भराभर गेली. १९६३मध्ये तोरिनोत आरसाचित्रं मांडली, १९६४मध्ये पॅरिसला इलियाना सोनाबेंडच्या गॅलरीत, १९६६मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये. अमेरिकेत पॉप आर्टची, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तू चित्रात आणणाऱ्या कलेची, लाट होती आणि त्याला त्या पंगतीत बसवायला लोक उत्सुक होते. तिकडेच ये, आमचा हो, असं त्याला सुचवलं गेलं. तो गेला नाही. एक ठरलेला शिक्का मारून तीच चित्रं वर्षानुवर्षं पुरवायची, हे त्याला नको होतं.

त्या वेळच्या एका आरसाचित्राचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६५चं ‘व्हिएतनाम’. ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहात आहे. मी ते छायाचित्रांतच पाहिलंय. मोर्चातली माणसं फलक धरून चालली आहेत, फलकावर ‘व्हिएतनाम’ची अक्षरं. एवढंच. बाकीचा पत्रा मोकळा. चित्र बघायला जो उभा राहील तो मोर्चात. नुसतं बघत उभं राहायची सोयच त्यानं ठेवली नाही.

१९६५ आणि १९६६च्या सांध्यावर त्यानं ‘वजा वस्तू’ बनवल्या. नाव विचित्र आहे खरं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तू म्हणजे मनातल्या अगणित शक्यतांपैकी एक बाहेर काढून टाकलेली, म्हणजे एकानं कमी झालेली. पुठ्ठ्याचं भलंमोठं जळकं गुलाब आहे. चौकटीतच टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या जोडलेलं ‘जेवणाचं चित्र’ आहे. सगळ्या वस्तू एकाच माणसाच्या आहेत असं वाटू नये अशा एकमेकींपासून वेगळ्या. त्यातली एक माझ्या मनातून जात नाही. सहा चौकोनी आरसे आतल्या बाजूला तोंड करून जोडलेले आणि दोरीनं बांधलेले. ‘अनंताचा घनमीटर’. बाहेरून दिसते ती आरशांची पाठ. आत आरसा आरशात बघतोय, त्यात अजून एक, त्याला अंत नाही, आणि ते बघायला आत कुणी नाही. माणसाला आरशात जागा करून देणाऱ्यानं असाही एक आरसा बांधून ठेवला, जिथे कुणालाच प्रवेश नाही. २०००मध्ये मार्सेच्या कर्करोग रुग्णालयात त्यानं सर्व धर्मीयांसाठी एक प्रार्थनेची जागा केली, तिच्या मधोमध हाच घन ठेवला. मला ती जागा बघायची आहे.

याच सुमाराला, १९६७मध्ये, जेर्मानो चेलान्त या समीक्षकानं तोरिनो, जेनोआ, रोम इथल्या काही तरुण कलावंतांना मिळून एक नाव दिलं: आर्ते पोवेरा. शब्दशः ‘गरीब कला’. माती, कोळसा, पोती, फांद्या, दगड, चिंध्या, जे हाताशी आहे त्यातून केलेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात पिस्तोलेत्तोनं वर्तमानपत्रांचा मोठा गोळा तोरिनोच्या रस्त्यांवरून लोटत नेला. लोक थांबले, हात लावू लागले, ढकलू लागले. शिल्प फिरायला निघालं होतं. मग नाटकमंडळी जमवणं, रस्त्यावरचे प्रयोग, ते सगळं बरीच वर्षं चाललं. त्यात मला फार रस नाही, म्हणून तो भाग सोडते.

पण चिंध्यांपाशी थांबायला हवं.

त्या ढिगाविषयी खूप लिहिलं गेलंय: सौंदर्य आणि कचरा, शाश्वत आणि क्षणिक, वापरून फेकण्याची संस्कृती. ते खोटं नाही. पण मला सगळ्यात खरी वाटते ती साधी गोष्ट. आरसा लख्ख राहावा म्हणून ज्या चिंध्या मळल्या, त्या त्यानं टाकल्या नाहीत. भिंतीवर आरसा लागतो, त्याचं कौतुक होतं, तो पॅरिसला जातो. पुसणारं कापड कोपऱ्यात पडतं. पिस्तोलेत्तोनं त्या कोपऱ्यालाच दालनाच्या मध्यभागी आणलं आणि सौंदर्याच्या देवीचं तोंड तिकडे वळवलं. माझ्या आईच्या हातून किती भांडी लख्ख होऊन गेली याची मोजदाद नाही. त्यातली काही बोहारणीच्या टोपलीत पोचली असतील आणि तिथून जुन्या साड्यांच्या बदल्यात कुणाच्या तरी मांडणीवर. चिंध्यांतून निघालेलं स्टील, स्टीलच्या बदल्यात पुन्हा चिंध्या. हा व्यवहार आमच्या बायका कुठल्याही कलासमीक्षकाच्या आधीपासून जाणून होत्या.

मी रिवोलीला गेले त्याच्या काही महिने आधी त्या व्हीनसवर एक आघात झाला होता. २५ जून २०२३ला पिस्तोलेत्तो नव्वद वर्षांचा झाला. तीन दिवसांनी नेपल्सच्या टाउन हॉलसमोरच्या चौकात त्याच्या व्हीनसची खूप मोठी, इमारतींच्या रांगेत उठून दिसेल एवढी प्रतिकृती उभी राहिली. १२ जुलैला पहाटे कुणीतरी ती पेटवली. चिंध्या जळून गेल्या, लोखंडी सांगाडा तेवढा उभा राहिला. त्या छायाचित्रांत काळा पडलेला सांगाडा आणि मागे चौकातला रोजचा दिवस सुरू झालेला दिसतो. मला ती छायाचित्रं बघवत नाहीत. पेटवल्याच्या आरोपावरून पकडला गेला तो एक बेघर माणूस होता. ज्याच्या अंगावर चिंध्या असतात त्याच्याच नावावर चिंध्या जाळल्याचा आरोप. यावर काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मार्च २०२४मध्ये नवी व्हीनस त्याच चौकात उभी राहिली. नव्वदीच्या माणसानं ती पुन्हा केली आणि शहराला देऊन टाकली.

*

एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगायला हवी. २००३-०४पासून तो ‘तिसरा स्वर्ग’ या कल्पनेवर काम करतोय. गणितातलं अनंताचं चिन्ह, पण मध्ये आणखी एक वळसा घेतलेलं. एका टोकाचा वळसा निसर्गाचा, दुसऱ्या टोकाचा माणसानं बनवलेल्या कृत्रिम जगाचा, आणि मधला, मोठा वळसा त्या दोघांच्या जुळणीतून जन्माला यायच्या नव्या जगाचा. जगभर ठिकठिकाणी दगडांनी, झाडांनी, कपड्यांनी हे चिन्ह आखलं जातं. त्यामागची तळमळ खरी आहे. गिरणीत शाश्वत कापडावर, शेतीवर, शिक्षणावर काम चालतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्याचा आदर वाटतो. पण चिन्ह हे चिन्हच असतं. ते पूर्ण होऊन आलेलं असतं, त्याला माझ्या चेहऱ्याची गरज नसते. आरशासमोर मी उभी नसते तर तिथे काहीतरी कमी पडलं असतं. चिन्हासमोर मी असले काय आणि नसले काय.

त्यापेक्षा मला २००९चा पिस्तोलेत्तो जवळचा वाटतो. त्या वर्षीच्या व्हेनिस बिएनालेत, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यानं नक्षीदार चौकटींचे बावीस मोठे आरसे भिंतींवर लावले. मग मोठा हातोडा घेऊन त्यातले वीस एकेक करून फोडले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, काळे कपडे, काळी हॅट. काचा खळकन खाली येत होत्या. दोन आरसे त्यानं शिल्लक ठेवले. आरसा फुटला की आपल्याकडे अपशकुन मानतात. तो मात्र १९७८पासून म्हणत आलाय की आरसा फोडला तरी आरसाच उरतो. प्रत्येक तुकडा आरशाचं काम पुरं करतो. ज्या वस्तूवर आयुष्य उभारलं तिच्यावरच त्यानं हातोडा उचलला, याचं मला त्या फुटण्यापेक्षा जास्त वाटतं. त्याला २००३मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला होता. २०१३मध्ये जपानचा प्रेमियम इम्पेरिआले पुरस्कार मिळाला, तोही चित्रकलेसाठी. शिल्पं, नाटकं, गिरण्या, हातोडे, एवढं सगळं करून झाल्यावरही त्याला चित्रकारच म्हटलं गेलं, याचा मला का कोण जाणे फार आनंद झाला.

*

दिवाळीत भाईंदरला गेले तेव्हा बाबांना फोनवर फोटो दाखवले. त्यांचं काम सुटून बरीच वर्षं झालीत. छातीत अजून अधूनमधून घरघर होते. चष्मा वर करून त्यांनी फोन जवळ धरला, मग लांब. चित्रातल्या पाठमोऱ्या माणसाकडे त्यांनी बघितलं असेल-नसेल. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कडेपाशी नेला.

“इथे लाट आहे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मलाही दिसली होती.

“ह्या खिडकीवरून कळते. कडेला हात हलका पडतो माणसाचा.” मग त्यांनी फोटो इकडेतिकडे सरकवला. “तू कुठायस ह्यात?”

मी दाखवलं. पाठमोऱ्या माणसाच्या पल्याड, खिडकीखाली, फोन डोळ्यांसमोर धरून उभी. स्क्रीनवर बोटभर उंचीची.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला मी व्हीनस दाखवली, ढिगासकट. तिनं ढीग नीट निरखला.

“हे सगळं कापड सुती नाही,” ती म्हणाली. “पॉलिएस्टरनं पुसलं तर ओरखडा उठतो. त्यांना सांगितलं नाहीस?”